दगूमायचा आजार

तोंडात थर्मामीटर असतानाही दगूबाई बोलायची थांबत नव्हती. शेजारच्या सुकलाल पाटलांची मीना समोर बसून तिला हाताने गप्प राहायची खूण करत होती. पारा आजही अठ्ठ्याण्णवच्या जरा वर थांबला. सलग चौथा दिवस. मीनाने इकडेतिकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: ताप शंभर.

मीना लोणखेड्याहून शहाद्याच्या शाळेत जायची. अकरावीचं वर्ष होतं. आरोग्यशास्त्र शिकवणाऱ्या रंजनाबाईंनी प्रत्येक मुलीला पंधरा दिवस एका रुग्णाची शुश्रूषा करायला सांगितली होती. ताप, नाडी, जेवण, अंघोळ, सगळं वहीत मांडायचं. शेवटच्या दिवशी बाई स्वतः रुग्ण पाहायला येणार होत्या. वही चांगली उतरली तर धुळ्याला नर्सिंग शिकायला जाण्यासाठी त्या शिफारस देणार होत्या. शिफारस मिळाली तरच लग्न लांबवू, असं सुकलालने पोरीला सांगून ठेवलं होतं.

अडचण एवढीच होती, की त्या हिवाळ्यात लोणखेड्यात कोणी आजारीच पडेना. मीना दारोदार फिरली. एका घरून तर तिला, आमच्या वाईटावर टपली आहेस का, असं ऐकून घ्यावं लागलं. ते ओट्यावर बसलेल्या दगूबाईच्या कानावर गेलं.

"लिखी ले तुन्ही वहीमा," ती म्हणाली, "दगूबाई आजारी शे."

सगळी गल्ली हसली. सत्तरीच्या दगूबाईने जन्मात दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. चढणाऱ्यांची टिंगल करण्यात मात्र तिची हयात गेली होती. जावयाने साध्या खोकल्याला इंजेक्शन घेतलं, ते तिने त्याला वर्षभर ऐकवलं. यंदा घर राखायला कोणी तरी हवं म्हणून ती कापूस वेचायला गेली नव्हती, पण जीभ पूर्वीसारखीच चालत होती.

आजारपण तिला नीट जमत नव्हतं. मीनाची पावलं वाजली की ती कण्हायला लागायची. अळणी पेज पुढे आली की उशाखालचा मिरचीचा ठेचा काढायची. मीना पांघरूण झटकायची, पाठ पुसायची, केस विंचरायची आणि मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसायची.

दहाव्या दिवशी अंघोळीनंतर तिने दगूबाईला अंगणातल्या उन्हात बसवलं. तोंड पुसताना हनुवटी वर उचलली आणि तिचा हात थांबला. उजव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी झाली होती. डावीतही धुरकट डाग होता. मीनाने मूठ समोर धरली आणि बोटं किती, असं विचारलं. आपली परीक्षा घेणारी ही कोण, म्हणून दगूबाई आधी कुरकुरली. मग म्हणाली, चार.

मूठ बंद होती.

मीना तशीच खाली बसली. नऊ दिवस तिने पारा पाहिला होता, घड्याळ पाहिलं होतं, वही पाहिली होती.

त्याच संध्याकाळी तिने शंभरचा आकडा खोडला. खाली लिहिलं: "हा ताप मी मनाने लिहिला. रुग्णाला काही झालेले नाही असे समजून मी नऊ दिवस सेवा केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो मला आज दिसला." सकाळी तिने वही रंजनाबाईंच्या टेबलावर ठेवली. शिफारस गेली, हे तिने मनाशी धरलंच होतं.

बाईंनी वही वाचली आणि शाळा सुटताच मीनाबरोबर लोणखेडा गाठलं. त्यांनी दगूबाईचे डोळे बॅटरीच्या उजेडात पाहिले. महिनाभरात शहाद्याला डोळ्यांचे डॉक्टर येणार होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तेव्हाच करून घ्या, पुन्हा चांगलं दिसेल, असं त्यांनी सांगितलं. मुलगा प्रेमचंद आईकडे बघतच राहिला. इतके दिवस सांगितलं का नाहीस, असं त्याने विचारलं. दगूबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. दवाखान्यात जाणाऱ्या सगळ्या गावाला हसून झालं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगणार होती?

रंजनाबाईंनी तिथेच वहीवर शेरा लिहिला. चौथ्या दिवसाचे गुण त्यांनी कापले. दहाव्या दिवसासाठी शिफारस दिली.

मीनाला रडू आवरेना. तिने दगूबाईची माफी मागितली. दगूमाय, तू माझ्यासाठी दहा दिवस अंथरुणावर पडलीस आणि मी तुझ्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, असं ती म्हणाली.

दगूबाईने चाचपत तिचा हात धरला.

"तुन्हासाठे कोन पडनं व्हतं?" ती म्हणाली. "माले दिखत नही, हाई तुले कव्हय दिखस, त्यानी मी पयला दिनपाईन वाट देखी ऱ्हायंतू."