तुरटीचा डबा

डार्करूममध्ये फिल्मवर पिंपातलं पाणी ओतलं आणि तिच्यावरचा चित्राचा थर सायीसारखा सुटला. हातात कोरी पट्टी उरली, ट्रेमध्ये काळपट पापुद्रे तरंगू लागले.

भुसावळच्या मे महिन्यात फिल्म पक्की करणाऱ्या हायपोच्या द्रावणात तुरटी घालावीच लागते, नाहीतर कोमट पाण्यात थर टिकत नाही. तीस वर्षं मी ती कधी चुकवली नव्हती. आज डबा रिकामा दिसला, तरी धीर धरवला नाही. आमच्या मनूचा शेवटचा वाढदिवस होता त्या रोलात.

"अहो, तुमची तुरटी काल मी माठांत फिरवली," दाराबाहेरून बायको म्हणाली. "टँकरचं पाणी गढूळ, आणि पोरीच्या तेराव्याला एवढी माणसं यायची होती. दिसतेय का हो मनू?"

मी ट्रे मोरीपाशी नेला. पण ओतवेना.