वाजणारा अंगठा

"अंगठा वाजतोय? कान तपासून घ्या, मुक्ताबाई. आणि एक वाजून गेला, आता चारला या," म्हणत डॉ. विद्वांसांनी सदाशिव पेठेतल्या दवाखान्याचं दार लावून घेतलं होतं.

संधिवातासाठी त्यांनीच मुक्ताबाईंच्या अंगठ्याच्या सांध्यात बसवलेला कृत्रिम तुकडा सैल झाला होता. पुढे सांधा पिकला, विष अंगभर भिनलं आणि मुक्ताबाई गेल्या.

आज सकाळपासून डॉक्टरांचाच अंगठा वाजत होता. कट्. कट्.

एक्स-रे पाहून त्यांची टेक्निशियन श्रद्धा चक्रावली. "सर, हा तुकडा तुम्हाला कुणी बसवला?"

अंगठ्यावर टाक्याचा व्रणसुद्धा नव्हता. डॉक्टर कळवळत आपल्या केबिनकडे धावले. दार आतून बंद होतं.

आतून मुक्ताबाईंचा शांत आवाज आला, "एक वाजून गेला, डॉक्टर. चारला या."