क्लेच्या लोंब्या

भूमिका लोंबीवर शेवटचे दाणे बसवत होती, तेवढ्यात दारात प्रेरणाताईंची गाडी थांबली.

पॉलिमर क्लेचे दाणे, तिळाहून थोडे मोठे. सुईच्या टोकानं मधोमध एक रेघ ओढली आणि खडूची पिवळी पूड ब्रशनं हलकेच फिरवली, की थेट धान. अशा लोंब्यांचा झुबका, मध्ये झेंडू आणि दोन्ही टोकांना एकेक पोपट. दसरा ते दिवाळी ही तोरणं प्रेरणाताईंच्या गोंदियातल्या दुकानात जात. खऱ्या लोंब्या चिमण्या खाऊन टाकतात, या वर्षानुवर्षं टिकतात, असं ताई गिऱ्हाइकांना सांगत.

"या नं बाई, बसा," सासू, निर्मलाबाई, पाण्याचा गिलास घेऊन आल्या. "आमची भूमिका कुठं जात नाही, येत नाही. घरी बसल्या बसल्या सारं करते. अख्ख्या गावात अशी सून नाही."

असं त्या सगळ्यांनाच सांगत, आणि मनापासून सांगत. भूमिका दर वेळी खाली बघून हसे. आजही हसली. मग तिनं लोंब्यांचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि काटा फिरवला.

प्रेरणाताई तयार तोरणं खोक्यात रचू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "एक बात पुछू? नाराज नको होऊ. शाळेत तू नाही काऊन म्हटलं?"

"कोणत्या शाळेत?"

"अगं, चित्रकलेच्या बाई पाहिजे होत्या त्यांना. तुझं नाव मीच दिलं होतं. तुझ्या पोपटांचे फोटोही दाखवले. मुख्याध्यापिका एकदम खूश. फोन केला तर तिकडून सांगितलं, तिला जमणार नाही म्हणून. आता दुसरी मुलगी घेतली त्यांनी. सोमवारपासून येऊन राहिली ती."

भूमिकाच्या बोटांना पिवळी पूड लागली होती. तिनं ती पदराला पुसली, मग पुन्हा पुसली.

"मला फोन आला नाही," ती म्हणाली.

प्रेरणाताईंनी निर्मलाबाईंकडे पाहिलं. निर्मलाबाईंनी नजर चुकवली नाही. चुकवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"तू नहराच्या पाण्यावर कपडे धुवाले गेली होती तवा आला. ओमेशनं उचलला. त्यानं सांगून टाकलं," त्या म्हणाल्या. "सकाळी बस, संध्याकाळी बस. कायले पाहिजे हा ताप? तुले इथं काई कमी आहे का?"

कमी काहीच नव्हतं. आजवर या घरात भूमिकावर कुणी आवाज चढवला नव्हता. ती शोधत राहिली, पण बोट ठेवायला जागा सापडेना.

ओव्हनची घंटी वाजली. तिच्या हातांनी आपण होऊन फडकं उचललं, दार उघडलं, ट्रे बाहेर काढला. लोंब्या नेमक्या भाजल्या होत्या. एकही दाणा करपला नव्हता. त्या करपल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

निघताना प्रेरणाताईंनी तिचा खांदा दाबला. "फोन जवळ ठेवत जा गं," एवढंच हळू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

नवरा, ओमेश, बांधावरून आला तेव्हा ऊन उतरलं होतं. लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता, ओमेशच्या अंगाला त्याचा वास होता. भूमिकानं पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "शाळेचा फोन आला होता?"

"हो. सांगाचं राहून गेलं," तो म्हणाला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "घरीच एवढं चांगलं चालून राहिलं, मंग बसचे धक्के कायले खावाचे? माह्या मनात दुसरंच आहे. चल, दाखवतो."

तो तिला मागच्या पडवीत घेऊन गेला. आठवडाभर गवंडी येत होता, ते धानाची पोती ठेवायच्या जागेसाठी असेल असं तिला वाटलं होतं. पडवीला तिसरी भिंत चढली होती. आत नवा मोठा ओव्हन खोक्यासकट ठेवला होता.

"ही खोली तुही," ओमेश म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तिकडं सैपाकघरात तुले जागा पुरत नाही. इथं कोणी मधात येणार नाही."

तिनं वळून पाहिलं. शेताकडची खिडकी विटांनी बुजली होती. सिमेंट अजून ओलं होतं.

"खिडकी?"

"बुजवली. तूच तं म्हणत होती, क्लेवर धूळ बसते म्हणून."

ती म्हणाली होती, खरंच. गेल्या उन्हाळ्यात, जेवताना, सहज. त्यानं ते लक्षात ठेवलं होतं.

"आता फळीचं माप घेऊन टाकू," त्यानं कानामागची पेन्सिल काढली. "भिंतीले पाठ लावून उभी राय. हात वर कर. तुह्या हाताले पुरंल एवढ्याच उंचीवर लावू."

भूमिका भिंतीला पाठ लावून उभी राहिली. विटा गार होत्या. तिनं दोन्ही हात वर केले. ओमेश पेन्सिल घेऊन जवळ आला, तिच्या बोटांच्या टोकापाशी रेघ ओढणार, तोच बोटं वर सरकली. त्यानं पेन्सिल वर नेली. बोटं आणखी वर गेली.

त्यानं खाली पाहिलं. ती चवड्यांवर उभी होती.

"टाचा टेकव," तो हसून म्हणाला. "रोज अशी उभी राहून थोडीच काम करशील?"

तिनं टाचा टेकवल्या नाहीत.