बाबांची खिंड

तिसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. कठड्याला हात टेकून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"काय पंत, येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे, आलोच," पंत खालच्या वळणावरून म्हणाला. पाठीवरची सॅक बाबांची, याने हट्टाने काढून घेतलेली, आत वजनासाठी भरलेले जुन्या मासिकांचे गठ्ठे. चढाई बाबांची आणि हमाली याची, असा सगळा कारभार!

घरात त्याला पंत म्हणत, कारण शाळेत जायच्या वयापासून हा सगळ्या घराची काळजी वाहत आलेला. हल्ली काळजीला विषयही तसाच मिळाला होता. बाबांनी हिमालयात जायचं काढलं होतं. गाडीतून बर्फ बघून परत यायचं नव्हे. चांगली उंच खिंड, पायी ओलांडायची. सत्तरीला टेकलेला माणूस! जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता जिने चढत सुटला.

"लोकांचे पाय वाचवण्यात माझे तसेच शिल्लक राहिले," बाबा शेजाऱ्यांना सांगत. "म्हटलं, आता वापरून टाकू."

तयारी मात्र अशी, की बघत राहावं. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. सून बिचारी ताटं हातात घेऊन उभी, आणि सासरे म्हणताहेत, "जरा थांब गं, आमचा तंबू हलवू नकोस." कुठल्या मुक्कामावरून किती चढायचं, कुठे एक दिवस नुसतं लोळायचं म्हणजे अंगाला विरळ हवेची सवय होते, पाणी कधी प्यायचं, ओले मोजे कुठे वाळवायचे, सगळं ठरलेलं. पंत स्वतः आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून इमारतींचे आराखडे काढायचा. त्याने या बेतात खोट काढायचा जंग जंग प्रयत्न केला. एक सापडेल तर शपथ.

"आणि वर एखाद्याला त्रास झाला तर?" त्याने खोचकपणे विचारलं.

"तर त्याला खाली आणायचं."

"त्याने ऐकलं नाही तर?"

"आपण बरे आहोत असंच वाटत असतं रे त्याला. वाद घालायचा नाही, घाबरवायचं नाही. गप्पा मारत मारत आणायचा खाली."

पंतला खरंच कौतुक वाटलं. आई गेल्यापासून बाबा असे खुललेले त्याने पाहिले नव्हते. आणि म्हणूनच त्याचा जीव टांगणीला लागला होता. रोज जिना चढताना बाबा मजल्यामजल्यावर थांबायचे. कधी बुटाची नाडी बांधायचे, कधी उगाच खिडकीतून बाहेर बघायचे. दोनदा तर अर्ध्यातूनच म्हणाले, "आज पुरे. चल, घरी जाऊ." पंतने ते बरोबर हेरलं होतं. म्हातारा दमतोय, पण कबूल करणार नाही. घाम पंतलाही फुटायचा, पण तो त्या मेल्या सॅकमुळे.

"मग स्पष्ट सांगा ना, जाऊ नका म्हणून," बायको म्हणाली.

"सांगून पाहिलं. म्हणतात, तू नाही आलास तर एकटा जातो."

शेवटी त्याला वाट सापडली. ट्रेक नेणाऱ्या संस्थेला प्रत्येकाचा डॉक्टरी दाखला लागायचा, सरकत्या पट्ट्यावर पळवून केलेल्या हृदयाच्या तपासणीसकट. तिथेच डॉक्टरांना गाठायचं आणि बाबांना नापास करून घ्यायचं. बेत त्याने बायकोच्या कानावर घातला, तशी ती हसत सुटली.

"तापाने फणफणलात तरी दवाखान्याची पायरी चढत नाही तुम्ही. आईंच्या आजारपणापासूनचं आहे ते. आणि आता आपण होऊन निघालात?"

"बाबांसाठी काय वाट्टेल ते," पंत म्हणाला. ते मात्र अगदी खरं होतं.

दवाखान्यात बाबांनी बाकावर बसून पेपर उघडला. "आधी तू उरकून घे. मी आहे इथे."

पंत पट्ट्यावर चालू लागला. त्याचं लक्ष तिथे नव्हतंच. डॉक्टरीणबाईंशी कसं बोलायचं, याची तो मनातल्या मनात उजळणी करत होता. त्यांनी पट्टा मध्येच थांबवला, त्याला आडवं व्हायला सांगितलं, तेही त्याच्या पथ्यावरच पडलं.

"डॉक्टर, एक विनंती आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "बाहेर माझे वडील बसलेत. त्यांना दाखला देऊ नका. काहीही कारण सांगा. मला माहीत आहे, हे पाप आहे. त्यांचं स्वप्न मोडतोय मी. पण तिकडे त्यांना काही झालं तर मी जगू शकणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातातली आलेखाची पट्टी बाजूला ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्हाला मी आज घरी सोडत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा दिसतोय, बहुतेक मोठा आहे. घाबरू नका. वेळेवर आलात."

पंत धडपडत उठू लागला.

"मग तर त्यांना थांबवायलाच हवं! तुम्ही ओळखत नाही त्यांना. माझ्याशिवाय एकटेच निघतील ते."

"पडून राहा. ते कुठेही निघणार नाहीत."

"कशावरून?"

"मागे एकदा इथेच येऊन बसले होते. जिना चढताना मुलाला धाप लागते, दवाखान्याचं नाव काढलं की पानावरून उठून जातो, काय करू म्हणून विचारत होते. मी म्हटलं, काहीतरी निमित्त काढून घेऊन या."