काडीवरचं लोणी

अर्लिसने चरबीची पट्टी दातांनी ओढून काढली आणि चावायला लागली. डुकराच्या मांसाचा तो जाडजूड तुकडा, त्याचं हाडच मुठीसारखं धरायचं, आणि कडेने ही बोटभर रुंद पांढरी पट्टी. तिच्या नवऱ्याचा, ड्वेनचा, जीव त्या पट्टीत. म्हणूनच तिने ती आधी तोंडात घातली होती. ती चावता चावली जात नव्हती, नुसती गालात घोळत होती. शेवटी तिने श्वास रोखून ती आख्खीच गिळली.

"अगं, माझ्यासाठी ठेवशील की नाही काही?" तिचा नवरा बाकाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाला. "हाड तेवढं चाटायला देणार वाटतं."

"भूक लागलीय," अर्लिस म्हणाली आणि मांसाचा आणखी एक लचका तोडला.

भूक कसली! चीजचे तळलेले गोळे खाऊन झाले होते, काडीवरचं सॉसेज झालं होतं, आणि अजून दुपारचे दोनही वाजले नव्हते. ऑगस्टचं ऊन, शिळ्या तेलाचा वास, त्यात मागच्या गोठ्यातून येणारी डुकरांची घाण. समोर एक माणूस टर्कीची तंगडी फाडत होता आणि तिची चरबी कोपरापर्यंत ओघळली होती. गोठ्यात यंदाच्या जत्रेत वजनात पहिला आलेला डुक्कर पंख्याखाली आडवा पडून धापा टाकत होता. त्याला स्वतःच्या पायांवर उभंही राहता येत नव्हतं, आणि लोक डुकराचंच मांस खात खात त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. अर्लिसला सगळ्याची किळस आली. त्या लोकांची, त्या तेलाची, आणि खरं सांगायचं तर मिटक्या मारत हाड चाटणाऱ्या नवऱ्याचीही.

त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. तिथून लालसर व्रणाचं टोक दिसत होतं. मे महिन्यात हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्याची छाती उघडली होती. तेव्हापासून त्याने सकाळ-संध्याकाळ ओटची लापशी खाल्ली, एका शब्दाने कुरकुर केली नाही. फक्त जत्रेचा एक दिवस मागितला. डॉक्टर म्हणाले, चव घ्या, पोट भरू नका. पण जत्रेत येऊन नुसती चव घेणारा माणूस या राज्यात जन्मला नव्हता, आणि त्याला नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

मग तिला त्यांच्या घरचा जुना नियम आठवला. जत्रेत प्रत्येक पदार्थ एकच घ्यायचा आणि दोघांनी अर्धा-अर्धा खायचा, म्हणजे जास्त पदार्थ खाऊन होतात. एकतीस वर्षं ती चिमणीएवढा घास घेऊन बाकीचं त्याच्याकडे सरकवत आली होती. आज पहिला घास तिचा, आणि मोठाही तिचाच. तिच्या पोटात गेलेलं त्याच्या पोटात जाणार नव्हतं. एवढाच हिशेब होता, आणि तो तिला कसाही करून दिवसभर निभावून न्यायचा होता.

ड्वेन उठला. "बस तू इथेच. काडीवरचं तळलेलं लोणी घेऊन येतो."

"मी आणते ना."

"चालायला सांगितलंय मला," तो हसत म्हणाला आणि गर्दीत शिरला.

तो दिसेनासा झाला तशी अर्लिस वाकली, कपाळ गुडघ्यांवर टेकलं आणि घशापर्यंत आलेलं सगळं परत खाली ढकललं. शेजारच्या कचऱ्याच्या पिंपावर माशा घोंगावत होत्या. आता फक्त लोणी, तिने स्वतःला बजावलं. तीन घासांचं तर असतं. दोन आपण घ्यायचे.

तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एकेक काडी होती.

"दोन?" तिने विचारलं.

"दोन." तो धापा टाकत होता, पण चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. "एकतीस वर्षं तुला इथे ओढून आणतोय म्हातारे. दरवर्षी तुझं नाक मुरडलेलं. मला वाटायचं, ही बिचारी माझ्यासाठी म्हणून येते. आज तुला असं खाताना पाहिलं ना... वाचलो ते बरं झालं बघ. आता ते अर्धं-अर्धं बंद. तुझं तुला, माझं मला."

अर्लिस बघत राहिली. तळलेल्या पिठाच्या भेगेतून लोणी गळत होतं आणि त्याच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत चाललं होतं. खरं सांगावं, तर हा चेहरा मावळणार. गप्प बसावं, तर तो आख्खी काडी संपवणार. तिला त्याचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

"दोन्ही इकडे आण," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही मला हवेत."

ड्वेनने तिच्याकडे पाहिलं, मग हातांतल्या काड्यांकडे. टर्कीवाला माणूसही चघळायचा थांबला. मग ड्वेन असा खदखदून हसला की छातीवर हात धरावा लागला. "खादाड कुठली!" म्हणत त्याने दोन्ही काड्या तिच्या हातात दिल्या.

तो तिला खेटून बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, तिच्या तोंडाकडे बघत. अर्लिसने पहिल्या काडीचा घास घेतला. गरम लोणी टाळूला चिकटलं आणि तिचं सगळं अंग शहारलं.

"सावकाश खा गं," तो म्हणाला. "मी नाही मागणार."