अकरा सम्राज्ञी

साळूबाईंनी सम्राज्ञी ताटलीत ठेवली, वर चिंचेचा कोळ ओतला आणि काथ्याने घासायला घेतली.

ज्ञानेश टॉवेल गुंडाळून आंघोळीहून बाहेर आला, तेव्हा ती अर्धी लखलखीत झाली होती. तो इतक्या जोरात ओरडला की त्याची बायको निकिता उलथनं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, घरात साप निघाला.

"आई! अगं काय केलंस हे?"

"काय केलं? देव उजळले. चिंच उरली व्हती. म्हटलं, हे बी उरकून घ्यावं. लय कळकट झालं व्हतं बाबा."

साळूबाई चांदवडहून आठ दिवसांसाठी लेकाकडे आल्या होत्या, आणि घरात कळकट काही दिसलं की त्यांना जेवण जात नसे.

ज्ञानेश गांगुर्डे नाशिक रोडच्या एका शाळेत हेडक्लार्क होता. दहा वर्षांपासून तो प्राचीन रोमची नाणी जमवत होता. तीही सगळी नाही, फक्त राण्यांची. राजे काय, कोणीही जमवतो, असं तो म्हणायचा. नाणी तांब्याची होती. शेकडो वर्षं जमिनीत राहून काळीहिरवी पडली होती. त्यांना हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. "मळ नाही तो, वय आहे," असं तो पाहुण्यांना सांगायचा. त्या वयाखाली चेहरा दिसत नसे. अक्षरं तर नाहीच. पण डोक्यामागे अंबाड्यासारखा उंचवटा दिसला की ज्ञानेशला राणी ओळखू यायची. ही फाउस्टिना, ही लुसिला, ही डोम्ना. अशा अकरा जमल्या होत्या. उद्या शहरात नाण्यांचं प्रदर्शन होतं. द्वारका चौकातल्या दुकानातून फ्लेक्सही छापून आला होता. 'रोमच्या अकरा सम्राज्ञी'. खाली त्याचं नाव, आणि नावापेक्षा मोठा त्याचा फोटो.

ताटलीतली साबिना सगळ्यांत लाडकी. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी त्याने ती निकिताच्या तळहातावर ठेवली होती. "बघ, हुबेहूब तू. तेच नाक, तीच मान." निकिताला काळ्या डागापलीकडे काही दिसलं नव्हतं. तरी माहेरी तिने सगळ्यांना सांगितलं. वहिनीला दोनदा.

साळूबाईंनी नाणं धुतलं, पदराने पुसलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं.

"ज्ञाना, ही बाई हाय म्हणतो ना तू?"

"बाईच आहे. रोमच्या सम्राटाची बायको."

"मंग हिला दाढी कशी?"

ज्ञानेशने भिंग आणलं. दाढी होती. दाट, कुरळी, नीट राखलेली. अंबाडा म्हणजे पानांच्या मुकुटाच्या फितीची मागे मारलेली गाठ होती. अक्षरंही आता स्वच्छ उमटली होती. त्याने ती एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि तो टॉवेलवरच खुर्चीत बसला.

"हा तिचा नवरा आहे," तो हळूच म्हणाला.

निकिताने त्याच्या हातातून भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"अहो, हेच का ते नाक?"

ज्ञानेशने टॉवेल सावरला.

"आणि मान? मान तर दाढीखालीच गेली की हो."

मग तिला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग उलथनं हातातून पडलं, मग ती भिंतीला टेकून खालीच बसली. आत तव्यावर पोळी जळत होती. तिकडे कोणी गेलं नाही.

ज्ञानेश खुर्चीतून उठला. मग त्याने शर्ट-पँट घातली, केस विंचरले आणि फ्लेक्स जमिनीवर उलगडला.

"एक गेली," तो म्हणाला. "जाऊ दे. दहा आहेत. दहासुद्धा नाशकात दुसऱ्या कोणाकडे असतील तर दाखवा मला."

निकिताला त्याची दया आली. तिने डोळे पुसले, पांढऱ्या कागदावर लाल मार्करने ठसठशीत 'दहा' लिहिलं आणि 'अकरा'वर डकवलं. लांबून बघितलं तर कळतसुद्धा नव्हतं. ज्ञानेशच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. त्याने कपाटातून मखमलीचा डबा काढला आणि उघडला.

अकराही खाचा रिकाम्या होत्या.

"आई," त्याने विचारलं, "बाकीच्या दहा कुठे आहेत?"

"उन्हात घातल्यात वाळायला. ही शेवटची व्हती." साळूबाई गॅलरीतून पंचा घेऊन आल्या आणि त्यांनी तो त्याच्यापुढे पसरला. नाणी कालच पाडल्यासारखी चमकत होती. "मी समद्या नीट पाह्यल्या रे ज्ञाना. बाया तीनच निघाल्या. सहा बाप्ये हायेत, अन् एक घोडा."