जवळ्याची राखण

“घरावर कॅमेरा लाव, आई. चांगल्यातला घे,” असं मस्कतहून जयेशने बजावलं, म्हणून शेवंती कोळीवाड्यातून रिक्षा करून माजिवड्याच्या दुकानात आली. जयेशचा फोन पूर्वी रोज यायचा, आताशा महिन्याकाठी एखादा.

दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे मांडले. “मावशी, हा भारीतला घ्या. पावसापाण्यात, अंधारात सगळं स्वच्छ दिसतं. शिवाय हा घरची माणसं ओळखतो. अनोळखी कुणी आलं, तरच मुलाच्या मोबाइलवर घंटी वाजते.”

“आणि मी ओट्यावर आले तर?”

“तुमच्यासाठी कशाला वाजेल? तुम्ही तर घरच्याच.”

शेवंतीने दुसऱ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “आणि ह्यो?”

“तो अगदी साधा, त्याला काही कळत नाही. मांजर फिरलं तरी मुलाला घंटी. वैतागून जाईल बिचारा, काय झालं म्हणून सारखा तुम्हाला फोन करत बसेल.”

“ह्योच दे,” शेवंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा ओट्यावर लागला. शेवंतीने जवळा आणून बरोबर त्याच्यासमोर वाळत घातला. वासाने कावळे उतरले. जन्मभर काठी घेऊन त्यांना हाकलत आलेली शेवंती आज फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली.

“खा रे,” ती म्हणाली, “सावकाश खा.”